कोपरा गुण्यात

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्यात भांडण झालं नाही. हे मी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं, आणि ते खरंच आहे.

रविवार होता. लातूरहून सकाळच्या एसटीनं मी नांदेडला गेले होते. लातुरात औसा रोडला आम्ही घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायचं होतं आणि आखणी माझे वडील, अण्णाच करणार होते. पायाचे खड्डे खणायच्या आधी जमिनीवर दोऱ्या बांधून, चुन्याच्या फक्कीनं घराच्या रेषा ओढतात, ती आखणी. अण्णांनी चाळीस वर्षं तेच केलं. ग्यानोबा मिस्त्रीनं आखलेला कोपरा पुन्हा तपासायचा नसतो, असं नांदेडातले ठेकेदार म्हणत.

सिडकोतल्या घरासमोर ओट्यावर अण्णा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. समोर केवळा.

"नऊ, बारा, चौदा," अण्णा म्हणाले.

"न्हाई," केवळा म्हणाली.

"कामून न्हाई?"

"नवाचे एक्याऐंशी, बाराचे एकशे चव्वेचाळीस. झाले दोनशे पंचवीस. चौदाचे एकशे शहाण्णवच व्हतेत. पंधरा पायजे हुतं."

"मग कोपरा कसा हाय?"

"आत दाबलेला."

अण्णांनी सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले. ती ते खात खात मला म्हणाली, "या ताई, बसा. अण्णा लई छळून राहिलेत सकाळपासून."

ती माझ्या जागी बसली होती. ओट्यावर कुणाची जागा अशी नसते, मलाही कळतं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मत्सरावरचं बरंच काही वाचलेलं आहे. मोठमोठी माणसं त्यापायी राज्यं घालवतात, खून करतात. मी त्रेचाळीस वर्षांची बाई दुसऱ्या बाईच्या तळहातावरचे दाणे मोजत उभी होते.

केवळा मुखेड तालुक्यातली. नवरा वारल्यावर बारा वर्षांपूर्वी नांदेडला आली आणि अण्णांच्या साइटवर बिगारी म्हणून लागली. बांधकामावर बाया असतातच, पण त्यांनी घमेलं उचलायचं, विटा वाहायच्या, भिंतीला पाणी मारायचं. थापी आणि दोरी पुरुषांच्या हातात. अण्णांनी चार वर्षांत तिच्या हातात थापी दिली, मग ओळंबा, मग दोरी. दोन मिस्त्री काम सोडून गेले. बाईनं आखलेल्या दोरीवर आम्ही भिंत चढवायची का, म्हणाले. अण्णा म्हणाले, "जावा मग. दोरीला काय ठावं कुणाचा हात हाय."

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं होतं, हसत हसत. मीही हसले होते. लेख लिहिण्यासारखा विषय आहे, असंसुद्धा म्हणाले होते.

"गुरुवारी येतो," अण्णा त्या दिवशी म्हणाले. "केवळालाबी आणतो संगं."

"दोघांनी कशाला? आमच्याकडे माणसं आहेत, अण्णा."

"माणसं हायत गं बाई. दोरी धरणारं न्हाई कुणी. हिच्याबिगर मला आता कुणाचं धरलेलं पटत न्हाई."

"बघा मग, तुम्हाला जमेल तसं," मी म्हणाले.

भांडण नाही. आवाजही चढला नाही. चारची एसटी गाठायची म्हणून मी निघाले. त्यांनी शेंगांची पिशवी दिली. ती रिक्षापर्यंत केवळानं आणली.

सोमवारी सकाळी सातला अण्णा बादलीत पाणी काढता काढता खाली बसले आणि आडवे झाले. केवळा कामावर जाताना रोजच्यासारखी त्यांना बोलवायला आली होती. तोंडात शेवटचं पाणी तिनं घातलं. ते पडल्याचं कळताच निघालेली मी लोह्याच्या अलीकडे एसटीत होते तेव्हा सगळं संपल्याचा फोन आला. फोन तिचाच होता.

ती ओक्साबोक्शी रडली. मला चारचौघांत रडता येत नाही. गावाकडून आलेल्या नागुबाईंनी मला हळूच विचारलं, "ही धाकटी का गं ग्यानोबाची?"

"नाही," मी म्हणाले, "कामाला होती त्यांच्याकडे."

केवळा दोन हातांवर उभी होती. तिनं ऐकलं असणार.

*

नववीत असताना एका संध्याकाळी मी अण्णांना पायथागोरस शिकवला होता. तीन-चार-पाच त्यांना लहानपणापासून माहीत होतं. सगळ्याच गवंड्यांना असतं. एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चारवर, आणि दोन खुणांमध्ये बरोबर पाच भरले की कोपरा गुण्यात आला, म्हणजे काटकोनात. मोठ्या कामाला तेच दुप्पट करायचं, सहा-आठ-दहा. पण असं का होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी पाटीवर दाखवलं. कोणत्याही तीन बाजू घ्या, अण्णा. लहान दोन बाजूंचे वर्ग करा, मिळवा. बेरीज मोठ्या बाजूच्या वर्गाइतकी आली तर त्रिकोण काटकोन. मोठीचा वर्ग कमी भरला तर कोपरा दाबलेला, जास्त भरला तर फाकलेला. तीन-चार-पाचच लागतं असं नाही. पाच-बारा-तेरा चालतं. आठ-पंधरा-सतरा चालतं.

अण्णा चौथी शिकलेले. त्यांनी ती पाटी बराच वेळ पुसली नाही. सकाळी उठले ते दोरी घेऊन अंगणात, पाच-बारा-तेरा करून बघितलं, कोपऱ्यात लोखंडी गुण्या लावून बघितला. "आयला," ते म्हणाले, "बरुबर हाय की!" आणि सायकल काढून साइटवर गेले. मी दप्तर घेऊन दारात उभी होते. संध्याकाळी आल्यावर म्हणाले, "तुझं पाच-बारा-तेरा जमलं गं बाई. सगळे बगत राहिले."

सगळे म्हणजे कोण, मला माहीत नव्हतं. मी त्यांची एकही साइट आतून पाहिलेली नव्हती.

*

तेराव्यानंतर घर आवरताना अण्णांची कामाची पिशवी निघाली. थापी, ओळंबा, गुण्या, दोरीची गुंडी आणि पन्नास फुटांचा कापडी टेप, कातडी डबीत गुंडाळलेला. भांडी घासून देते म्हणून आलेली केवळा दारात उभी राहिली.

"ताई, त्यो टेप तेवढा..." ती म्हणाली.

"टेप मी नेणार आहे."

"न्हाई, मला न्हाई पायजे. एवढंच सांगायचं हुतं का त्याला..."

"केवळा, बाकी सगळं ने. थापी ने, गुण्या ने. टेप मी नेते म्हटलं ना."

तिनं पदरानं हात पुसले. "बरं," म्हणाली. थापीसुद्धा तिनं नेली नाही.

महिनाभरानं आखणीचं ठरलं. माझा नवरा आदिनाथ बँकेत आहे, सरळ माणूस. त्यानं मला न विचारता केवळाला फोन केला.

"अण्णांनी तिलाच आणायचं सांगितलं होतं ना?" तो म्हणाला.

"लातुरात काय मिस्त्री संपलेत?"

"सुकन्या, तिचं काय चुकलं ते एकदा सांग मला."

सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती आली.

त्या दिवशी मी दुपारी बाराला प्लॉटवर पोहोचले. आजूबाजूला क्लासच्या मुलांची होस्टेलं, गच्च्यांवर वाळत घातलेले टॉवेल. आमच्या मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या. केवळा तिचा स्टीलचा टेप कमरेला अडकवून कडेला भाकरी खात बसली होती. सोबत अण्णांच्या हाताखाली कामं केलेला म्हातारा व्यंकटी आणि खोदाईची दोन माणसं.

"झालं बी?" मी विचारलं.

"हाव, ताई. एकदा फिरून बगा. सैपाकघर थोडं उगवतीला सरकवलंय, सायबांना इचारून."

मी फिरून बघितलं. रेषा सुंदर होत्या. फक्की कुठं जाड नाही, कुठं तुटक नाही. त्या मला आवडल्या, याचाच राग आला.

पर्समधून मी अण्णांचा टेप काढला. का आणला होता, ते मी तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं हाताळून त्याच्या सुरुवातीचे आकडे पुसून गेले होते. टोकाला पितळी कडी, दोऱ्यानं घट्ट शिवलेली. ती मी पुढच्या कोपऱ्यातल्या खुंटीच्या खिळ्यात अडकवली. एका दोरीवर सहा फुटांवर पेनानं खूण केली. दुसरीवर आठवर.

"व्यंकटीकाका, ही कडी या खुणेवर धरा जरा."

"मास्तरीनबाई परीक्षा घेऊन राहिल्या," व्यंकटी बाकीच्यांना म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकला. "केवळे, पास व्हतीस का बग."

"व्हईन की," केवळा भाकरी चावत म्हणाली.

टेप ताणला. सहाचे छत्तीस, आठचे चौसष्ट, शंभर. दहा भरायला हवे होते.

नऊ फूट सात इंच. वर दोन सूत, म्हणजे पाव इंच.

मी परत ताणला. तेवढंच.

मला आनंद झाला. घर माझं, पैसा माझा, वाकडा कोपरा माझ्या घराचा, तरी छातीत काहीतरी उमलल्यासारखं झालं. अण्णा, हिच्याशिवाय तुम्हाला कुणाचं धरलेलं पटत नव्हतं ना? बघा. पाच इंच.

"केवळा," मी म्हणाले, "कोपरा गुण्यात नाही."

तिनं डबा खाली ठेवला.

"सहा-आठला दहा यायला पाहिजेत. साडेनऊच्या जरासं वर येतंय. कोपरा आत दाबलाय. असाच पाया खणला असता तर?"

खोदाईचा एक जण हलकेच हसला. दुसरा म्हणाला, "बाईमाणसाची आखणी." व्यंकटी हसला नाही. तो माझ्या हाताकडं बघत होता आणि मग त्यानं केवळाकडं बघितलं.

"मी दोनदा धरलंय, ताई," केवळा म्हणाली. "आडवे कर्णबी बगितले. सारखे हायत."

"मग हे काय आहे? मी चुकीचं मोजतेय?"

केवळा उठली. खुंटीपाशी आली. व्यंकटीच्या हातातली कडी तिला दिसली, तशी ती थांबली. आता ती बोलेल असं मला वाटलं, आणि मी उत्तर तयार ठेवलं. ती वळून म्हणाली, "काका, या दोघांना घिऊन च्या पिऊन या कोपऱ्यावर. ताईला आन मला पार्सल आणा."

"आत्ता तर पेलो..."

"आनखी प्या."

व्यंकटीनं दोघांना हाकललं. केवळानं त्यांना वळणापार जाऊ दिलं. मग खाली बसून तिनं आपला स्टीलचा टेप उघडला आणि अण्णांच्या टेपाशेजारी जमिनीवर ठेवला. कडीला शून्य जुळवलं.

माझ्या टेपावर जिथं तीन लिहिलं होतं, तिथं तिच्या टेपावर दोन होतं.

"याला पयला फूट न्हाई, ताई," ती म्हणाली. "सहा-सात वर्सं झाली. काँक्रीटच्या मिक्सरमदी गुतला आन फाटला. मी म्हणलं, अण्णा, नवा घ्या की. म्हणले, एकूणपन्नास फूट चांगला हाय की अजून. कडी काढून एकावर शिवली सोताच. मग सहा पायजे तर सातवर खूण करायची, आठला नऊवर, आन दहा बगायचे तर अकरा. नव्या माणसाला गंमत म्हणून इचारायचे, सात, नऊ, अकरा, गुण्यात हाय का न्हाई?"

मी मनात आपोआप मांडत गेले. एकोणपन्नास आणि एक्याऐंशी, एकशे तीस. अकराचा वर्ग एकशे एकवीस. आकड्यांवर गेलं तर नाही. दोरीवर गेलं तर आहे. आणि मी सहा म्हणून पाच धरले होते, आठ म्हणून सात. तिन्ही बाजू एकेका फुटानं खोट्या. पाच आणि सातला दहा कसे भरणार?

"त्या दिशी हेच सांगाया आले हुते," केवळा म्हणाली. "टेप मागाया न्हाई."

"आत्ता त्यांच्यासमोर का नाही सांगितलंस?"

"तुमचा अपमान झाला असता."

"तुझा झाला की."

तिनं खांदे उडवले. "मला सवय हाय."

तिनं काही सुनावलं असतं तर सोपं गेलं असतं. मी खुंटीशेजारी मातीत बसले. तिच्या टेपानं तिनं सहा, आठ धरून दाखवलं. दहा. केसभर इकडं नाही, तिकडं नाही.

"हे वर्गाचं तुला अण्णांनी शिकवलं?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"हाव. म्हणजे तुमचंच हाय ना ते. शिकवताना म्हणले हुते, हे माज्या सुकन्यानं नववीत असताना मला दिलंय, नीट ध्यानात ठिव. मला तर पाढेबी येत न्हवते. शेंगदाण्यावर शिकवले त्यांनी. बरुबर आलं का मूठभर दाणे."

तिनं ते चांगल्या मनानं सांगितलं. मला बरं वाटेल असं तिला वाटलं असणार. मला वाटलं, मी दिलेली एकच गोष्ट होती आणि तीही त्यांनी हिला देऊन टाकली. मला कधी दाण्यावर काही शिकवलं नाही. मला ट्यूशन लावली, पुस्तकं आणून दिली, टेबल-खुर्ची आणली. वर्षभर पैसे साठवून आणलेली ती खुर्ची. आणि मी तिच्यात बसून त्यांच्या सायकलचा आवाज ऐकायची.

"मी एकदा इचारलं हुतं," केवळा टेप गुंडाळत म्हणाली. "म्हणलं अण्णा, एवढी हुशार लेक, तिला कामून न्हाई आणलं कधी साइटवर?"

"मग?"

"म्हणले, ती कधी म्हणलीच न्हाई."

मी खुंटीजवळची माती बोटानं सारखी केली.

"आन म्हणले, म्हणली असती तरी नेलं नसतं. घमेलं उचलणाऱ्या बायात माझी लेक हुबी राहू नाही." केवळानं टेपाचं टोक बोटानं आत दाबलं. "तवा माझ्या डोक्यावर घमेलंच हुतं, ताई. मी तशीच पुढं गेले. दुसऱ्या दिशी त्यांनी माज्या हातात थापी दिली. चुकलं आसं वाटलं आसंल, न्हाई तर आसंच दिली आसंल. मी इचारलं न्हाई."

बारा वर्षं मी या बाईकडं बघत आले होते. तिच्या डोक्यावर काय होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझं मन तिथं थांबलं नाही. ते पुढं गेलं. म्हणजे माझ्याबद्दलच्या त्या एका वाक्यातून निघालेली थापीसुद्धा तिलाच मिळाली.

व्यंकटी आणि ते दोघं परत आले. व्यंकटीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चहा आणि दोन कागदी पेले होते.

"मग काय ठरलं, ताई?" हसलेल्या माणसानं विचारलं. पाय त्यानं फक्कीच्या रेषेवर ठेवला होता, पुसायच्या तयारीत. "मोडायची का आखणी? दुसरा मिस्त्री बगू? माझा मेव्हणा हाय चाकूरला."

केवळा खाली बघत चहा ओतत होती. मी काही सांगावं, अशी तिची अपेक्षाच नव्हती. टेप जुना निघाला, एवढं म्हणून भागलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"पाय काढा रेषेवरून," मी म्हणाले. "कोपरा गुण्यात आहे. चूक मी केली. या टेपाला एक फूट नाही. केवळा मला तेराव्याच्या नंतर सांगायला आली होती, मी तिला बोलू दिलं नाही."

तो बाजूला झाला. व्यंकटी म्हणाला, "व्हतंय, ताई. मला बी फशिवलंय त्यानं एकदा." त्याला विषय मिटवायचा होता. मीही तिथं थांबू शकले असते.

"नाही काका, चुकून नाही झालं. हिचा कोपरा वाकडा निघावा म्हणूनच मी मोजत होते. आणि केवळा, त्या दिवशी नागुबाईंना मी म्हणाले की तू कामाला होतीस. तू ऐकलंस."

"जाऊ द्या, ताई."

"नाही जाऊ द्यायचं. अण्णा तुला घेऊन जायचे, रोज. लहानपणी मी नुसती दारात उभी राहायचे, दप्तर घेऊन, शाळेला उशीर व्हायचा तरी." माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. समोर चार माणसं होती आणि मी रडत होते. "मी कधी म्हणाले नाही. त्यांनीच विचारावं म्हणून वाट बघितली. अण्णा, मलाही यायचं होतं. मलाही तुमच्यासोबत साइटवर यायचं होतं."